इस्लामी कलेत माणसं का नसतात? (की असतात?)

गडभ्रमंत

दिवाळीच्या सुट्टीत विजापूरला जाऊन आलो. गोलघुमटात टाळ्या वाजवून झाल्या, त्या सगळेच वाजवतात. माझा प्रश्न इब्राहिम रोझ्याबद्दल आहे. कबरीच्या दालनाच्या भिंती वरपासून खालपर्यंत कोरलेल्या आहेत आणि खिडक्यांच्या जाळ्या चक्क अरबी अक्षरांच्या आहेत. अक्षराची रेघ तेवढी दगडात ठेवलीय, मधली जागा पोखरून काढलीय, आत येणारा उजेड अक्षरांच्या फटींतून येतो. वेली आहेत, तारे आहेत, चौकटीत चौकटी आहेत. माणूस नाही, पक्षी नाही, साधा मासा पण नाही.

आता गंमत बघा. ही कबर ज्याची, तो दुसरा इब्राहिम आदिलशहा (कारकीर्द १५८० ते १६२७) चित्रांचा भलता शौकीन. त्याची स्वतःची चित्रं आज युरोपातल्या संग्रहालयांत लागलीयत, एकात तर हातात चिपळ्यांसारखं वाद्य आहे. सरस्वतीची आणि गणपतीची स्तुती करणारी पदं त्याने दखनीत रचली. शिवाय त्याच शहराच्या बुरुजावर मुलूखमैदान तोफ आहे, तिच्या तोंडाला सिंहाचा जबडा आणि जबड्यात चिरडलेला हत्ती!

मग बंदी होती की नव्हती? नेटवर शोधलं तर दोनच उत्तरं मिळतात. एक, 'धर्मात चित्रांना मनाई आहे, विषय संपला.' दोन, 'अनंत नक्षी म्हणजे अनंत ईश्वर.' पहिल्यात तोफ बसत नाही. दुसरं ऐकायला छान आहे, पण कुठल्याही नक्षीला चिकटवता येईल. जाणकारांनी लिहावं. राजकारण नको, ही विनंती.

टवाळ_टोणगा

'राजकारण नको' लिहिलंत ना, आता ते येणारच. चहाचं आधण ठेवून येतो.

दर्यावर्दी

चांगला धागा. मी कोकणी मुसलमान, लहानपण श्रीवर्धनकडे गेलं. आलिम (धर्मपंडित) वगैरे नाही, घरात जे ऐकलं-शिकलं त्यावरून लिहितो.

कुराणात 'चित्र काढू नका' असं सरळ वाक्य नाही. मूर्तिपूजेला कडक मनाई आहे, ती वेगळी. उलट सुलेमान पैगंबरांसाठी जिन्नांनी पुतळे घडवल्याचा उल्लेख कुराणात आहे, तोही निषेधाचा नाही. मनाई येते ती हदीसमधून, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदींतून. चित्र काढणाऱ्याला कयामतच्या दिवशी सांगितलं जाईल, 'आता यात जीव घाल', आणि त्याला ते जमणार नाही. म्हणजे आक्षेप जीव ओतणाऱ्याची बरोबरी करण्याला आहे, रंगरेषेला नाही. पैगंबरांचे चुलतभाऊ इब्न अब्बास यांच्याकडे एक चित्रकार आला, म्हणाला माझं पोट यावरच आहे. त्यांनी सांगितलं, काढायचंच तर झाडं काढ, ज्यात रूह (जीव) नाही ते काढ. तुमच्या विजापुरी वेलींचं अर्धं उत्तर इथेच मिळतं बघा.

दुसरी हदीस पडद्याची. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांनी चित्रांचा पडदा लावला होता, पैगंबरांना तो आवडला नाही. आयेशांनी तो फाडून त्याच्या उशा केल्या आणि त्या घरात वापरात राहिल्या. यावरून पुढे बऱ्याच फकीहांनी (धर्मकायद्याच्या जाणकारांनी) असा अर्थ लावला की समोर टांगलेलं चित्र वेगळं आणि अंगाखाली, पायाखाली आलेलं वेगळं, कारण त्याला मान मिळत नाही. आयेशांच्या खेळण्यात पंखांचा घोडा होता, तो बघून पैगंबर हसले, हेही हदीसमध्येच आहे.

आमच्या घरात बैठकीच्या खोलीत तुगरा असायचा, म्हणजे आयत (कुराणातलं वचन) लिहिलेली फ्रेम, काळ्या मखमलीवर सोनेरी अक्षरं. आजोबांचा फोटो होता, पण कपाटाच्या आत. नमाज पढतात त्या खोलीत फोटो लावायचा नाही एवढाच नियम. आणि शेजारच्या चाचींकडे बुराकचं, म्हणजे पैगंबरांना स्वर्गाच्या सफरीला नेणाऱ्या प्राण्याचं, छापील चित्र होतं, बाईचा चेहरा, मोराचा पिसारा, पंख, सगळं. त्यावरून अब्बांची नि चाचांची दर ईदेला हुज्जत व्हायची. तेव्हा 'इस्लाममध्ये असं आहे' म्हणताना कोणाच्या घरातला इस्लाम हे पण विचारा.

श्रावणझड_७

दर्यावर्दी, काय सुंदर लिहिलंत! पंखांचा घोडा फारच आवडला.

रोखठोक

सगळं ठीक. पण चित्राला एवढी सूट होती तर आमच्या देवळांतल्या मूर्ती का फोडल्या, ते पण सांगा की.

टवाळ_टोणगा

आधण उकळलं.

माळावरची_बाभूळ

रोखठोक, तो स्वतंत्र विषय आहे आणि त्याला धागे कमी नाहीत. दुसऱ्याची मूर्ती फोडणं आणि आपल्या इमारतीवर आकृती न काढणं यांचा उगम एक असू शकतो, पण गडभ्रमंत दुसऱ्याबद्दल विचारताहेत. स्वतःच्याच प्रतिमा फोडणारेही झालेत. कॉन्स्टँटिनोपलच्या ख्रिस्ती सम्राटांनी आठव्या-नवव्या शतकात स्वतःच्याच धर्माची पवित्र चित्रं पुसून काढली, शंभरावर वर्षं तो वाद चालू होता.

मी नाणी जमवते, म्हणून त्या अंगाने लिहिते. दमास्कसचा खलिफा अब्द अल-मलिक याने सुरुवातीला नाण्यावर स्वतःची आकृती टाकली होती, उभा, लांब झगा, कमरेच्या तलवारीवर हात. त्याच सुमाराला बायझंटाईन (कॉन्स्टँटिनोपलचा) सम्राट दुसरा जस्टिनियन याने आपल्या सोन्याच्या नाण्यावर येशूचा चेहरा आणला. मग ६९६-९७ मध्ये अब्द अल-मलिकने नवी नाणी पाडली. दोन्ही बाजूंना फक्त अक्षरं, कलमा नि आयती, कडेने गोल ओळीत सन. चित्र कायमचं गेलं नाही, पुढे अधूनमधून येत राहिलं, पण अक्षरांचं नाणं हा नेम झाला तो शेकडो वर्षं टिकला.

माझ्या मते इथे धर्माइतकीच स्पर्धा आहे. समोरच्याकडे चेहऱ्यांची एवढी तयार परंपरा आहे की त्या आखाड्यात उतरलो तर आपण नकलाकार ठरू. मग आपलं हुकमी पान कोणतं? ग्रंथ. जेरुसलेमचा सोनेरी घुमट याच अब्द अल-मलिकचा, ६९१-९२ चा. आत मोझेक (रंगीत तुकडे जोडून केलेली चित्रं) आहेत, झाडं, फुलदाण्या, दागिने, मुकुट. जीव एकही नाही. आणि कमानींच्या वरून दोनेकशे चाळीस मीटर लांबीचा लेख फिरतो, त्यात येशू पैगंबर आहे पण देवाचा मुलगा नाही असं स्पष्ट लिहिलंय. शहर ख्रिस्ती लोकवस्तीचं होतं, तेव्हा हे कोणाला उद्देशून आहे ते कळतंच.

रोखठोक

सोयीचं नसलं की 'स्वतंत्र विषय'. चालू द्या.

रोखठोक

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

संपादक

विषयाला धरून लिहावे. वरचा एक प्रतिसाद संपादित केला आहे.

कंपासपेटी

गणित शिकवतो, म्हणून 'अनंत नक्षी म्हणजे अनंत ईश्वर' यावर दोन शब्द. हे वाचन आकर्षक आहे, पण त्याचा डंका वाजला तो विसाव्या शतकात. नक्षी काढणाऱ्यांच्या बाजूने जे जुनं हाती आहे, ते बरंचसं रोखठोक कामाचं आहे (सदस्य नव्हे, विशेषण).

बगदादमध्ये दहाव्या शतकात अबुल वफा बुझजानी म्हणून मोठा गणिती होऊन गेला. त्याने कारागिरांना लागेल तेवढ्या भूमितीवर पुस्तकच लिहिलं. त्यात तो कारागीर आणि भूमितीवाले एकत्र बसत तेव्हा काय होई ते सांगतो. एक प्रश्न असा की तीन सारखे चौकोन (म्हणजे चौरस) आहेत, ते कापून-जोडून एकच मोठा चौकोन करा. कारागीर काहीतरी कापाकापी करून दाखवत, डोळ्याला चौकोन दिसे, पण मापाला खोटा. भूमितीवाले सिद्धता देत, पण फरशी कशी कापायची ते सांगत नसत. अबुल वफा दोघांनाही टोकतो आणि स्वतःची रीत देतो. दोन चौकोन कर्णावर कापा, चार त्रिकोण होतील. तिसऱ्या चौकोनाच्या चार बाजूंना एकेक त्रिकोण एकाच दिशेने कललेला लावा. त्रिकोणांचे बाहेरचे कोपरे रेघांनी जोडा. रेघेबाहेर जेवढा तुकडा उरतो तेवढीच फट आत पडलेली असते. कापा, बसवा, झालं. नववीच्या वर्गात पुठ्ठ्यावर करून घेतो, मागच्या बाकावरचे पण जागे होतात.

सांगायचं काय, तर ही अख्खी बौद्धिक परंपरा होती आणि तिला नक्षीत स्वतःचं सुख होतं. माणूस काढायला मिळेना म्हणून बिचारे चौकोन काढत बसले, असं चित्र उभं करू नका.

श्रावणझड_७

कंपासपेटी, असहमत. कारागिराने लिहून ठेवलं नाही म्हणजे बघणाऱ्याला तसं वाटत नव्हतं असं कुठे आहे? मशिदीत बसून घुमटाच्या आतल्या बाजूकडे पाहिलं की मधल्या ताऱ्यातून रेघा फुटत फुटत कडेपर्यंत जातात आणि आपण नकळत परत मध्याकडे येतो. एकातून अनेक, अनेकांतून एक. सूफींच्या बोलण्यात हेच आहे. तुम्ही हिशेबाच्या वहीत भक्ती शोधताय.

कंपासपेटी

वाटत असेलच, मलाही वाटतं. पण 'का काढलं' आणि 'बघून काय वाटतं' हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि धाग्याचा प्रश्न पहिला आहे. तीच दहा टोकांची चांदणी मशिदीच्या दारावर आहे, तीच सरदाराच्या पेटीवर आणि तीच हमामच्या (स्नानगृहाच्या) फरशीवर. हमाममध्ये कोणी तौहीदचं (ईश्वराच्या एकत्वाचं) चिंतन करत असेल तर मला माहीत नाही.

टवाळ_टोणगा

गरम पाणी संपलं की देव आठवतोच.

सुगरणीचा_खोपा

मला हे सगळं बघताना आईची ठिपक्यांची रांगोळी आठवते. एकवीस ते अकरा ठिपके मांडायचे आणि रेघ न उचलता फिरवायची. तिथेही माणूस नसतोच की!

कंपासपेटी

रांगोळीत आधी ठिपके असतात, इथे आधी वर्तुळ. कंपास आणि पट्टी, बस्स. वर्तुळ काढा, तेवढ्याच त्रिज्येने परिघावर सहा खुणा करा, षट्कोन आणि सहा टोकांची चांदणी तयार. आठ टोकांची हवी तर एक चौरस आणि त्यावर पंचेचाळीस अंशात फिरवलेला दुसरा. इथपर्यंत सोपं आहे. मजा पाच आणि दहाच्या घरात. पंचकोनाने जमीन बिनफटीची भरत नाही, तरी इराणी-तुर्की उस्तादांनी दहा टोकांच्या चांदण्यांनी भिंतीच्या भिंती भरल्या. त्यासाठी पाच आकारांचा संच वापरत असावेत, दशकोन, पंचकोन, लांबट षट्कोन, मधे चिमटलेला आकार आणि शंकरपाळी चौकोन, सगळे कोन छत्तीसच्या पटीत. इस्फहानच्या दर्ब-ए-इमाम दर्ग्यावरची १४५३ ची नक्षी तर अशी आहे की २००७ साली दोन भौतिकशास्त्रज्ञांनी तिच्यात आजच्या क्वासिक्रिस्टलची, म्हणजे नियमबद्ध पण ठरावीक अंतराने पुन्हा न येणारी, रचना दाखवली. त्या उस्तादांना ते गणित माहीत होतं का, यावर भांडण आहे. मला वाटतं हाताला माहीत होतं.

शाईचा_थेंब

अक्षरांकडे कोणीच सविस्तर वळलं नाही म्हणून लिहितो, थोडीफार सुलेखनाची खटपट करत असतो.

बगदादचा वजीर इब्न मुक्ला (मृत्यू ९४०) याने अक्षरांना माप दिलं. बोरूचं टोक तिरकं छाटायचं, शाईत बुडवून कागदावर टेकवायचं आणि किंचित ओढायचं, तिरपा चौकोनी ठिपका उमटतो. हा ठिपका म्हणजे एकक. अलिफ (पहिलं अक्षर, नुसती उभी रेघ) किती ठिपके उंच ते ठरवायचं, ती उंची व्यास धरून वर्तुळ कल्पायचं आणि बाकीची अक्षरं त्या मापात बसवायची. बोरू जाड घ्या की बारीक, प्रमाण ढळत नाही. म्हणजे कंपासपेटींची भूमिती आणि बाभूळताईंचा ग्रंथ इथे एकाच रेघेत येतात. पुढे राजकारणात या माणसाचा उजवा हात तोडला गेला, तर म्हणतात दंडाला बोरू बांधून लिहायचा.

चर्चमध्ये समोर येशू दिसतो, कारण त्यांच्या श्रद्धेत देव माणूस होऊन आला. इथे देवाकडून आले ते शब्द. मग भिंतीवर काय येणार? शब्दच. ताजमहालाच्या दरवाजावरची अक्षरं अमानत खान शिराझीची आहेत. वर जाताना ती हळूहळू मोठी केलीत, म्हणजे खालून बघणाऱ्याला सगळी ओळ सारखी दिसते. बघणाऱ्याच्या नजरेचा एवढा विचार दुसरीकडे मूर्तिकार करतात.

आणि हो, याच अक्षरांतून वाघ, पक्षी, घोडे पण काढतात! आयत लिहायची ती अशी वळवून की सिंह दिसावा. पळवाट म्हणा, खोडसाळपणा म्हणा.

दर्यावर्दी

सिंहाचा तुगरा आमच्याकडे पण होता. चाचींकडे नव्हे, आमच्याकडे. अब्बा म्हणायचे, 'हे चित्र नाही, ही लिखाई आहे.'

तिखट_सांजा

इतका वेळ सगळे 'नसतात' धरूनच चाललेत. असतात! ढिगाने असतात, फक्त भिंतीवर कमी आणि पुस्तकात जास्त. बगदादला १२३७ मध्ये अल-वासितीने चितारलेली मकामात या अरबी कथासंग्रहाची पोथी घ्या. बाजार, उंट, कचेरी, बाळंतपण, काही सोडलेलं नाही. हेरातचा बिहजाद घ्या. मुघलांचं तर विचारूच नका, अकबराने हमजानाम्यासाठी कापडावर चौदाशेच्या आसपास चित्रं करून घेतली. त्याचं म्हणणं अबुल फजलने नोंदवलंय, ते वरच्या हदीसला दिलेलं सुरेख उत्तर आहे. चित्रकार जीव असलेलं काही काढायला बसतो, सगळे अवयव जमतात, पण प्राण घालता येत नाही. मग प्राण देणाऱ्याची आठवण त्याच्याइतकी कोणाला होणार? चित्रकलेचा तिटकारा असलेली माणसं मला आवडत नाहीत, असंही बादशहा म्हणतो.

जहांगीर त्याच्याही पुढे. १६११ ची त्याची मोहोर बघा, हातात प्याला घेतलेला बादशहा, खुद्द सोन्याच्या नाण्यावर. बाभूळताई, तुमच्याकडे आहे का एखादी?

माळावरची_बाभूळ

असती तर मी इथे टंकत बसले असते का?

तिखट_सांजा

:)

पण त्यातही एक मेख आहे. इराणी चित्रात सावली नसते, लांबचा माणूस लहान होत नाही, रात्रीचा प्रसंग पण लख्ख उजेडात. भिंत, गालिचा, हौद, सगळं जणू वरून बघितल्यासारखं सपाट. म्हणजे माणूस आहे, पण 'हुबेहूब' नाही. हुबेहूबपणा हा मोठेपणाचा दाखला, ही मोजपट्टी त्या उस्तादांची नव्हतीच. जहांगीरच्या दरबारात युरोपातली छापील चित्रं आली, मग गालावर सावल्या आल्या. उस्ताद मन्सूरची फुलं-पाखरं बघा, पिसाचं पीस मोजून घ्यावं.

लेणीवेडी

चेहरा टाळणं ही काही एकट्या इस्लामची गोष्ट नाही. सांचीला बुद्धाच्या जागी पावलं, बोधिवृक्ष, रिकामं आसन. अजिंठ्याच्या १० नंबरच्या लेण्यात, जे सगळ्यात जुन्यांपैकी, स्तूप अगदी कोरा. तेच १९ आणि २६ मध्ये जा, स्तूपाच्या पोटातून बुद्ध बाहेर आलाय. एकाच डोंगरात, काही शतकांच्या अंतराने. तिथेही 'बंदी होती का' यावर अभ्यासकांची जुंपलेली आहेच.

टवाळ_टोणगा

अवांतर: पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेननी जन्मभर घोडे काढले, सय्यद हैदर रझांनी बिंदू काढला आणि आमच्या गायतोंड्यांनी आयुष्यात नंतर एकही आकृती काढली नाही. कोणाचा धर्म कोणता ते चित्रावरून ओळखा आणि बक्षीस मिळवा.

लेणीवेडी

टोणग्या, पहिल्यांदाच कामाचं बोललास.

बर्लिनकर

गडभ्रमंत यांच्या मूळ प्रश्नाचं उत्तर एका दगडी भिंतीत आहे. जॉर्डनच्या वाळवंटात मशत्ता नावाचा अर्धवट राहिलेला राजवाडा आहे, आठव्या शतकातला. त्याची दर्शनी भिंत १९०३ मध्ये तुर्की सुलतान दुसऱ्या अब्दुल हमीदने कैसरला (जर्मन सम्राटाला) भेट दिली, ती इथल्या पर्गामोन संग्रहालयात उभी केली. दुरुस्तीसाठी संग्रहालय बंद व्हायच्या आधी बऱ्याचदा पाहिलीय.

जवळपास तेहतीस मीटर लांब, पाच मीटर उंच. सगळ्या भिंतीवर एक जाड नागमोडी पट्टा कोनाकोनात वळत जातो, त्यामुळे खाली-वर त्रिकोण पडतात. प्रत्येक त्रिकोणात मधे एक मोठं कोरीव फूल आणि भोवती द्राक्षवेलीची इतकी दाट जाळी की मागचा दगड दिसत नाही, नुसती काळोखी भोकं. दाराच्या डाव्या बाजूच्या त्रिकोणांत वेलीत सिंह आहेत, पंखवाले प्राणी आहेत, एका भांड्यातून पाणी पिणारे दोन जीव समोरासमोर आहेत. दाराच्या उजवीकडे या, तीच वेल, तीच कोरणी, आणि प्राणी गायब! एकही नाही. कारण उजव्या बाजूच्या भिंतीमागे राजवाड्यातली मशीद होती.

मालक एक, इमारत एक, मधे फक्त एक दरवाजा. त्याच खलिफांच्या घराण्याचं कुसैर आम्रा म्हणून हमामखान्याचं ठिकाण तिथून फार लांब नाही, त्याच्या भिंतींवर शिकारी, वाद्यवाले आणि आंघोळ करणाऱ्या बायका रंगवल्यात, छताला राशीचक्र. आणि दमास्कसच्या मोठ्या मशिदीतल्या मोझेकमध्ये नदी आहे, राजवाडे आहेत, डेरेदार झाडं आहेत, पण सबंध गावात माणूस औषधाला नाही.

गडभ्रमंत

बर्लिनकर, दंडवत! म्हणजे 'इस्लामी कला' असा एक गठ्ठा न करता जागा कोणती ते आधी विचारायचं. रोझा ही कबर, शेजारी मशीद, समोर नमाज; तिथे वेल आणि अक्षर. दरबारातली पोथी आणि तटावरची तोफ यांना तो नियम नाही. मला हे पटतंय.

मी_नगरचा

मुलूखमैदान तोफेचा विषय निघालाय म्हणून नगरकराला बोलणं भाग आहे. ती विजापूरची नाही हो! १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली, ओतणारा मुहम्मद बिन हसन रूमी, म्हणजे तुर्की मुलखाकडचा उस्ताद. नंतर परांड्यामार्गे विजापूरला गेली. तुम्ही नुसते सेल्फी काढून येता.

आता नगरचीच दुसरी गोष्ट. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात 'तारीफ-ए-हुसेनशाही' ही फारसी पोथी आहे, आफताबी नावाच्या कवीची. पहिल्या हुसेन निजामशहाचा गौरव आणि तालिकोटची लढाई, चित्रांसकट. यातल्या दरबारी चित्रांत शहाच्या जवळ त्याची बेगम खुंजा हुमायून बसलेली होती. चांदबीबीची आई ती. होती म्हणतोय, कारण पुढे कोणीतरी तिची आकृती रंग फासून बुजवलीय. शहा तसाच, चाकर तसेच, तेवढी तीच नाहीशी. हे धर्मापायी केलं म्हणावं तर बाकीचे चेहरे का ठेवले? नवऱ्यामागे तिने मुलाच्या नावाने कारभार चालवला, मग मुलानेच तिला कैद केलं. त्याच भानगडीत तिचं चित्र गेलं असावं, असं अभ्यासक मानतात. रोखठोक, पुसलेला चेहरा दिसला की कारण आधी घरात शोधा.

आणि त्याच पोथीत एक पान आहे, बाई झाडाला स्पर्श करते आणि झाड फुलतं. आपल्या देवळांवरची शालभंजिकाच, निजामशाही पोथीत.

रोखठोक

बेगमेची माहिती नवीन होती. बाकी माझा प्रश्न तसाच आहे, पण इथे नाही विचारत. वेगळा धागा काढतो.

संपादक

कृपया नको.

वाळवंटी_वाटसरू

कतारच्या दोह्याहून. गडभ्रमंत, तुम्ही 'पटलं' म्हणून फाईल बंद केलीत म्हणून खडा टाकतो. बर्लिनकरांचा नियम बराच चालतो, पण समरकंदला अडतो. रेगिस्तान चौकात शेर-दोर मदरसा आहे, १६१९ ते १६३६ मध्ये बांधलेला. मदरसा, राजवाडा नव्हे. त्याच्या मुख्य कमानीवर रंगीत फरशांत दोन पट्टेरी वाघासारखे सिंह हरणामागे धावताहेत आणि प्रत्येकाच्या पाठीमागून माणसाच्या चेहऱ्याचा सूर्य उगवतोय. नाक, डोळे, भुवया, सगळं ठसठशीत. उझबेकिस्तानच्या नोटेवरही तो प्राणी आला. कोणत्या फकीहाने परवानगी दिली?

आणि स्पेनमधला अल्हाम्ब्रा राजवाडा! भूमितीचं माहेर म्हणून ज्याचे फोटो सगळे टाकतात, त्याच्या ऐन अंगणात कारंज्याभोवती बारा सिंह बसलेत. इथल्या संग्रहालयात कॉर्डोव्हाकडची दहाव्या शतकातली कांस्याची हरिणी आहे, तीही कारंज्याचीच, तोंडातून पाणी यायचं. अंगभर वेलबुट्टी कोरलीय. प्राणी घडवला आणि त्यालाच नक्षी नेसवली, असा प्रकार.

बर्लिनकर

शेर-दोर मान्य, तो अपवादच. पण सिंह कमानीवर बाहेर आहेत. आत किब्ल्याच्या (मक्केच्या दिशेच्या) भिंतीवर बसवायची हिंमत त्याही शासकाने केली नाही.

वाळवंटी_वाटसरू

म्हणजे आता नियम 'मशीद' वरून 'किब्ल्याची भिंत' एवढा आक्रसला. अजून दोन उदाहरणं देऊ?

श्रावणझड_७

द्या द्या.

शाईचा_थेंब

किब्ल्याच्या भिंतीवरून आठवलं. गडभ्रमंत, विजापूरच्या जामा मशिदीचा मेहराब (किब्ल्याच्या भिंतीतला कोनाडा) पाहिलात का? मुहम्मद आदिलशहाने १६३६ मध्ये रंगवून घेतला, सोन्याचा भरपूर वापर. त्यात नुसती वेलबुट्टी नाही. रंगवलेले कोनाडे आहेत आणि त्यांत रचलेली पुस्तकं, फुलदाण्या, धूपदाण्या, खऱ्या वाटाव्यात अशा. हात घालून पुस्तक काढावं इतपत. म्हणजे हुबेहूब काढायचं वावडं नव्हतंच, तेही ऐन किब्ल्यावर.

दर्यावर्दी

बघा, आणि इब्न अब्बास यांची अट पण मोडलेली नाही. पुस्तकात रूह नसते.

शाईचा_थेंब

यावर मी भांडू शकतो.

गडभ्रमंत

मेहराबासमोर पडदा होता आणि राखणदार जेवायला गेला होता, त्यामुळे नाही पाहिला. पुन्हा जाणं आलं. तोवर एक सांगा, विजापूरजवळ कुमटगीच्या जलमहालात भिंतींवर माणसांची चित्रं आहेत, घोड्यावरून चेंडू खेळणारी वगैरे, असं कोणीतरी म्हणालं होतं. ती अजून दिसण्याजोगी आहेत का?

मी_नगरचा

आहेत, पण पार पुसट. आणि ती पुसायला कोणी सुलतान आला नव्हता. पाणी मुरलं आणि वरून बदाम काढून नावं कोरणारे आले.

टवाळ_टोणगा

त्यांची पण अक्षरंच.